आधी पाठ, मग एक्स-रे

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी मुलं क्लिनिकल पोस्टिंगला येतात. अ‍ॅप्रनला कडक इस्त्री, गळ्यात नवा स्टेथो आणि रुग्णाला हात लावायचा संकोच. मी चार-पाच जणांचा गट घेतो आणि सकाळभर एकच रुग्ण पाहतो.

समजा, छातीत पाणी झालेला रुग्ण आहे. मुलांचे डोळे आधी त्याच्या एक्स-रेकडे वळतात. तो मी बाजूला ठेवायला लावतो. आधी नमस्कार, स्वतःचं नाव, तपासण्याची परवानगी. मग पडदा ओढून रुग्णाच्या उजव्या हाताला उभं राहायचं. ‘काय त्रास होतोय?’ एवढं विचारायचं आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. हेच सगळ्यांना जड जातं.

मग त्याला बसवून पाठ तपासायची. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मध्ये घट्ट टेकवायचं, बाकीची उचलून धरायची आणि उजव्या मधल्या बोटानं त्यावर ठोकायचं. नवखी मुलं कोपरातून मारतात. हालचाल मनगटातून हवी. वरून खाली, दर टप्प्याला दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. आवाज जिथे भरीव होतो तिथे पेनानं रेघ. पुढे रुग्णाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावून तळहातानं कंप पाहायचा. पाणी असेल तिथे तो मंदावतो, श्वासाचा आवाजही क्षीण होतो. एवढं झाल्यावरच एक्स-रे उजेडासमोर धरायचा. मेळ बसला नाही, तर रुग्णाला विचारून पुन्हा बोट टेकवायचं.

ठोकून पाहण्याची ही पद्धत आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. स्टेथोस्कोप १८१६ मध्ये आला, एक्स-रे १८९५ मध्ये. आज सोनोग्राफीचं मशीन खाटेपाशी येतं, तरी मी हे शिकवतो. उद्या यातलंच कुणी बंधपत्रित सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटं बसेल. समोरच्या रुग्णाला आत्ताच तालुक्याला पाठवायचं की नाही, हे तिथे बरेचदा हात आणि कान यांच्यावरच ठरवावं लागतं.

चुकलेल्याला मी रुग्णासमोर बोलत नाही; व्हरांड्यात नेऊन सांगतो. अपमान झालेलं मूल पुढच्या वेळी मागच्या रांगेत उभं राहतं आणि मागे उभं राहून हात तयार होत नाही. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवाद आणि वर्तनही शिकवायचं असतं. ते मुलं सर्वांत आधी आमच्याकडे बघून उचलतात. म्हणून ओपीडी कितीही तुंबली, तरी क्लिनिक्सची वेळ शिक्षकानं राखायलाच हवी.