खलनायक ओळखायचा कशावरून?

कॉमिक्स हाती घेतलेलं मूल दुसऱ्याच पानावर सांगतं, "हा वाईट माणूस आहे." त्या माणसाने अजून काहीच केलेलं नसतं. मुलाने फक्त त्याचा चेहरा पाहिलेला असतो. चेहऱ्यावरून निकाल द्यायला त्याला चित्रांनीच शिकवलेलं असतं. म्हणून हे चेहरे कसे होते आणि कसे बदलत गेले, हे आपण आई-वडिलांनी एकदा नीट पाहायला हवं.

आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्स वाचलं. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघे. १९९० मध्ये ती बंद पडली, तरी उल्हासनगर-अंबरनाथच्या रद्दीच्या दुकानांतून वेताळ आमच्या हाती येत राहिला. त्याच अंकांत फ्लॅश गॉर्डन भेटला. त्याचा शत्रू मिंग हा परग्रहावरचा बादशहा. पण १९३४ मध्ये अमेरिकन चित्रकाराने त्याला चिनी वाटेल असं नाव, पिवळी कातडी आणि लांब बारीक मिशा दिल्या. चिनी माणसांबद्दल तिकडे जो संशय होता, तो या चेहऱ्यात उतरला. पुढे कार्टून मालिकांत मिंगची कातडी हिरवी झाली.

आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. अकबर, चाँदबिबी, टिपू सुलतान यांच्यावरही तिचे अंक निघाले, हे आवर्जून सांगायला हवं. पण पुराणकथांच्या अंकांत नायक गोरा किंवा निळा आणि असुर बहुधा काळा, आडदांड असे. यावर अभ्यासकांनी टीकाही केली. स्थळ पाहताना आपल्या घरांतही मुलीचा रंग विचारला जातो. हा रोग कॉमिक्सने आणला नाही, पण त्याला खतपाणी नक्की घातलं.

हळूहळू खलनायक देखणा झाला. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर १९४० मध्ये आला, तेव्हा तो वेडा शास्त्रज्ञ होता. १९८६ मध्ये त्याला नव्याने रंगवलं, तो सूट घातलेला बडा उद्योगपती म्हणून. लोक त्याला मान देतात, सलाम करतात. वाईटपणा चेहऱ्यावरून उतरून कृत्यात गेला. हा बदल चांगलाच होता.

मात्र तो सर्वांच्या वाट्याला आला नाही. १९८८-८९ च्या बॅटमनच्या एका कथेत जोकर इराणचा प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांत जातो, तेही डोक्याला अरबी रुमाल बांधून. इराणी लोक अरब नाहीत, एवढंही पाहायची गरज कोणाला वाटली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी 'बहादुर' लिहिला. डाकूंशी लढणारा हा तरुण स्वतः एका डाकूचा मुलगा. वाईट माणूस कोणाचा तरी बाप असतो आणि त्याच्या रक्ताचा मुलगा नेक निघू शकतो, हे या कथेने मुलांना सांगितलं.

आम्ही एकदा वर्गात खलनायकाचं चित्र काढायला सांगितलं. बहुतेक मुलांनी त्याला दाढी काढली. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या अब्बांना दाढी आहे. मग आम्ही सांगितलं, आता दिसायला चांगला पण कामाने वाईट माणूस काढा. वर्ग बराच वेळ गप्प बसला. शेवटी एका मुलीने गुळगुळीत दाढी केलेला, हसरा दूधवाला काढला. दुधात पाणी घालणारा.

हा केवळ चित्रकलेचा विषय नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. आरोप होता तो शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर, म्हणजे मुलांना रोज दिसणाऱ्या माणसावर. वाईट माणूस भेसूर दिसतो, असं शिकलेलं मूल अशा वेळी बेसावध राहतं. तेच मूल रस्त्यातल्या निरपराध माणसाला मात्र त्याच्या रंगावरून किंवा टोपीवरून घाबरतं.

कॉमिक्स घरातून हद्दपार करायची गरज नाही. मुलांसोबत बसून वाचा आणि तीन प्रश्न विचारा. हा वाईट आहे, हे तुला कधी कळलं? त्याने काय केलं? त्याचा चेहरा आपल्या ओळखीच्या कोणासारखा काढला आहे का? आणि ओळखीचा माणूससुद्धा नको तसं वागला, तर लगेच अम्मीला सांगायचं, हेही त्याच वेळी समजावून द्या. अल्लाह आपली सूरत नव्हे, तर दिल आणि अमल पाहतो, हे आपण मुलांना तोंडपाठ करून घेतो. कॉमिक्सच्या पानावर त्याचा सरावही होऊ द्या.