चंबळ ओलांडताना निरोप कुठे जातो?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचकांनी विचारले आहे: आग्र्याची गाडी सव्वाशे किलोमीटरच्या आत मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश अशी तीन राज्ये गाठते. मग धावत्या डब्यात पुण्याच्या लेकीचा एसएमएस मला सापडतो कसा? उपग्रह शोधतो का?

उपग्रहाचा इथे काही संबंध नाही. लष्करकरांना तर हे कोडे पडायलाच नको! त्यांची वस्ती म्हणजे मुळात शिंद्यांची फिरती छावणी; दौलतरावांनी १८१० च्या सुमारास तळ ठोकला आणि तो कायमचा झाला. त्याआधी, महादजींच्या काळात, पुण्याहून निघालेल्या जासूद जोडीपुढे हाच पेच असे: फौज चालती, पत्र न्यायचे कुठे? छावणीतून येणाऱ्या पत्रांत मुक्काम लिहिलेला असे. तिथवर जायचे, पुढे विचारत तंबू गाठायचा.

तुमचा फोनही असाच मुक्काम कळवत असतो. लेकीचा निरोप आधी तिच्या कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. ते केंद्र तुमच्या कंपनीच्या नोंदवहीला विचारते, ‘सध्या कुठे?’ उत्तर येते ते फक्त तुम्हाला सध्या सांभाळणाऱ्या एक्स्चेंजचे; त्या एक्स्चेंजलाही ठाऊक असतो तो तुमचा विभाग, म्हणजे टॉवरांचा एक गट. मग त्या विभागातले सगळे टॉवर एकदम तुमच्या नावाने हाक मारतात. फोन ‘ओ’ देतो त्या टॉवरवरून निरोप उतरतो. खिशात स्वस्थ पडलेला फोन नेमक्या कुठल्या टॉवरखाली आहे याची यंत्रणा फिकीरच करत नाही. मला या सगळ्यात हे मुद्दाम पत्करलेले अज्ञान सर्वांत हुशारीचे वाटते. पावलोपावली मुक्काम कळवत बसले तर बॅटरी आणि लहरी दोन्ही वाया जातील.

विभाग केवढा ठेवायचा, इथे मात्र अभियंत्यांचा कस लागतो. मोठा ठेवला तर एका निरोपासाठी शेकडो टॉवरांनी ओरडायचे; लहान ठेवला तर फोन सारखे कळवत राहणार. त्यात हद्द रेल्वेमार्गावर आली की गाडीतले शेकडो फोन एकाच क्षणी ‘मुक्काम बदलला’ म्हणून गलका करतात. ४जीने यावर चांगली तोड काढली: प्रत्येक फोनला आसपासच्या विभागांची यादीच देऊन टाकली. यादीतल्या यादीत फिरलात तर लगेच कळवायची गरज नाही.

चंबळच्या बेहडात रेंज गेली तर? निरोप केंद्रात थांबतो, नोंदवहीत तशी खूण होते आणि फोन पुन्हा हजर झाला की नोंदवहीच केंद्राला कळवते. रेंज येताच एसएमएस ढिगाने कोसळतात ते म्हणूनच.

आणि व्हॉट्सअ‍ॅपमुळे यातून सुटका झाली, असे समजू नका. मोबाइल डेटावर झोपलेल्या फोनला त्याचा निरोप द्यायलाही टॉवरांना आधी हीच हाक मारावी लागते.