वकील जागेवर नसताना आलेला अटकेचा फोन

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटक झालेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते; त्यामुळे नातेवाइकांचा फोन आला तेव्हा वकील दुसऱ्या न्यायालयात युक्तिवादात गुंतलेले असले, तरी तो निरोप सायंकाळपर्यंत पडून राहणे परवडत नाही. फोन घेणाऱ्या कारकुनाने पोलीस ठाणे, अटकेची वेळ, गुन्हा नोंद क्रमांक आणि लावलेली कलमे टिपून घ्यावीत. यांत अटकेची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण मुदतीची मोजणी तिच्यापासूनच सुरू होते. जामीन मिळेल का, यावर मात्र त्याने मत देऊ नये (आणि नेमके तेच आधी विचारले जाते), कारण अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिलीचा अधिकार नोंदणीकृत अधिवक्त्यांनाच आहे. व्यावसायिक गोपनीयता, म्हणजे अशिलाने विश्वासाने सांगितलेले उघड न करण्याचे बंधन, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 नुसार कारकुनालाही लागू होते. सहकारी वकीलही मिळत नसेल, तर कोठडीतील व्यक्तीस विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे.