पाऱ्यावरचे पिवळे स्फटिक

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांना मर्क्युरस नायट्रेट हवं होतं. त्यांनी भरपूर पाऱ्यावर थंड, विरल नायट्रिक आम्ल ओतलं आणि वर जमले पिवळे स्फटिक! आधी तो बेसिक सॉल्ट, म्हणजे आम्लारिधर्मी क्षार वाटला. पण इतक्या आम्लात तो बनेल कसा? विश्लेषणातून निघालं मर्क्युरस नायट्राइट. १८९६ साली शोध प्रसिद्ध झाला.

गंमत बघा: पाऱ्याचं ऑक्सिडीकरण करताना नायट्रेटमधला ऑक्सिजन कमी होऊन नायट्राइट तयार होतं. आणि या मर्क्युरस क्षारात पारा एकटा नसतो! दोन अणू एकमेकांना धरून, जोडीने +२ भार वाहतात. मला ही जोडी फार आवडते. नायट्राइट तर नाजूकच, तरी त्याचा आणि या जोडीचा क्षार टिकला. (पाऱ्याचे क्षार विषारी असतात, घरी प्रयोग नकोच.)