रोख पैशावाचून देवघेव

स्वारगेटहून गुलटेकडीचे मार्केट यार्ड जवळच आहे. भाजी विकून परतणाऱ्या शेतकऱ्यास पूर्वी नोटांची पुरचुंडी कमरेला सांभाळीत एस. टी. च्या गर्दीत शिरावे लागे. आता वाहकाच्या यंत्रावरील क्यूआर कोड, म्हणजे ठिपक्यांचे चौकोनी चित्र, फोनने टिपले की तिकीट मिळते.

वॉलेटमध्ये पैसे आधी भरून ठेवावे लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत मात्र रक्कम एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ जाते. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘१२३पे’ ही सोय सुरू केली. केवळ यासाठी महागडा फोन घेणे शहाणपणाचे नव्हे, हे ग्रामीण कार्यकर्त्यांनी अवश्य समजावून द्यावे.

“मालाचे पैसे पाठवितो, पिन दाबा,” असे कोणी म्हटल्यास ती फसवणूकच समजावी. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. तो दाबला की हंगामाची कमाई येण्याऐवजी निघून जाते. तसे घडल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम वाटेत थोपविली जाण्याचा संभव असतो. तसेच, घेणाऱ्याच्या फोनवरील हिरवी खूण पाहून माल सोडू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे आपल्याच फोनवर पाहावे, मगच पोती उचलू द्यावीत.