व्यसनी माणसाचे घर : काही विचार

दारूच्या प्रश्नाचा आपल्याकडे आजवर जो विचार झाला तो मुख्यतः दोन अंगांनी झाला. एक नीतीचे अंग, दुसरे राजकारणाचे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पुढे १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि अनेक गावांतून बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ही परंपरा मोठी आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी घरे वाचली.

परंतु या सगळ्या विचारात एक जागा रिकामी राहिली. जो माणूस प्रतिज्ञा घेऊनही पितो, दुकान बंद झाले तर शेजारच्या गावाहून आणून पितो, त्याच्या घराने काय करावे? सभा संपते, मोर्चा विसर्जित होतो, आणि बाई घरी परतते. तेथे तो उंबऱ्यात पडलेला असतो. त्या क्षणी तिच्या हाताशी काय आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी चळवळीची आहे असे मला वाटते.

आपल्या वस्तीत हा प्रश्न दुहेरी अवघड होतो. 'ही माणसे पितातच' हा शिक्का पांढरपेशा समाजाने पूर्वीच मारून ठेवलेला आहे. दारू सर्व जातींत आणि सर्व वर्गांत पितात. बंगल्यातली दारू 'पार्टी' ठरते आणि झोपडीतली 'संस्कार' ठरते, एवढाच फरक. गटारात उतरणारा कामगार दुर्गंधी सोसावी म्हणून आधी दोन घोट घेतो, तेव्हा त्या घोटामागे जातीने लादलेले काम असते. पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. बाहेर हा शिक्का, तर आत प्रतिज्ञेचा धाक. पिणारा हा समाजाशी बेइमान झालेला मानला जातो. परिणाम असा होतो की घर तोंड मिटून घेते. बाहेर बोलावे तर समाजाची नाचक्की, आत बोलावे तर घराची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी अवघ्या एकाला कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळते. उरलेली ३७ घरे अशीच तोंड मिटून बसलेली आहेत.

म्हणून प्रथम व्यसन म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. अधूनमधून पिणारा प्रत्येक माणूस व्यसनी नसतो. ज्याला प्यायल्याशिवाय चैन पडत नाही, एकच पेला म्हणून बसला तरी जो थांबू शकत नाही, ज्याला पूर्वीइतकी नशा येण्यासाठी जास्त दारू लागते, सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि पुन्हा प्यायल्यावरच स्थिर होतात, तो व्यसनी. वैद्यकशास्त्र याला आजार मानते. दीर्घकाळ दारू घेतल्याने मेंदूच्या कामात बदल होतात आणि केवळ इच्छाशक्तीने ती सोडणे बहुतेकांना जमत नाही. आजार मानले म्हणजे पिणाऱ्याची जबाबदारी संपली असे मात्र नाही. क्षयाच्या रोग्यालाही औषध स्वतःच घ्यावे लागते. पण क्षय झाला म्हणून आपण त्याला बेइमान म्हणत नाही. प्रतिज्ञा हा समाजाचा निर्धार आहे. ती मोडणाऱ्याला दवाखान्यात नेल्याने निर्धार दुबळा होत नाही, उलट तो पाळण्याची ताकद येते.

आता घराकडे वळू. एक माणूस पिऊ लागतो आणि हळूहळू सगळे घर त्याच्या पिण्याभोवती फिरू लागते. बायको मुकादमाला सांगते, 'त्यांना ताप आहे.' गुत्त्यावरची उधारी ती बचत गटातून कर्ज काढून फेडते. आई म्हाताऱ्या हाताने त्याची उलटी पुसते. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील बहुतेक मुले घरातली पहिलीच शिकणारी आहेत. मीही त्याच वाटेने आलो. परीक्षेच्या आदल्या रात्री बापाला नाक्यावरून उचलून आणणारा मुलगा सकाळी पेपरला येतो आणि कोरा कागद देतो. नापास झाल्यावर त्याला 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मिळतो. पहिल्या पिढीने मिळवलेले शिक्षण दुसऱ्या पिढीच्या हातून असे निसटते.

या घराला सर्वप्रथम तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हा आजार तुम्ही निर्माण केला नाही. त्याच्यावर ताबा ठेवणे तुमच्या हातात नाही. तो बरा करणेही एकट्या तुमच्या हातात नाही. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत अल-अनॉन ही संघटना सुरू झाली. तिच्या शिकवणीचा गाभा हाच आहे. 'बायको धड असती तर नवरा प्याला नसता' असे सासू म्हणते, गावकी म्हणते, आणि शेवटी ती बाईही म्हणू लागते. हे ओझे तिच्या डोक्यावरून उतरवणे ही मदतीची पहिली पायरी होय.

मग घराच्या हातात काही नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. त्याच्या पिण्याचे परिणाम घराने स्वतःच्या अंगावर घेणे थांबवावे. मुकादमाशी खोटे बोलू नये. गुत्त्याची उधारी फेडू नये. त्याने फोडलेले भांडे त्याला शुद्धीवर आल्यावर दिसू द्यावे. मात्र तो रस्त्यात बेशुद्ध पडला असेल, श्वास नीट चालत नसेल, तर तेथे धडा शिकवत बसू नये; त्याला कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. परिणाम भोगू देणे वेगळे आणि मरू देणे वेगळे.

दुसरे म्हणजे बोलण्याची वेळ. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काही साधत नाही. सकाळी, तो शुद्धीवर असताना, थोडक्यात आणि शांतपणे बोलावे. 'तुम्ही घर बुडवले' या वाक्याने भांडण सुरू होते. त्याऐवजी, 'काल पगार झाला आणि घरात सातशे रुपये आले. पोराची फी राहिली. मला तुमची काळजी वाटते. उद्या माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चला,' असे म्हणता येते. यात घडलेली गोष्ट आहे, आपले मन आहे आणि पुढची वाट आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. तो ज्या दिवशी पीत नाही त्या दिवशी घराने काय करावे? बहुतेक घरे त्याच दिवशी साचलेला सगळा राग काढतात. वास्तविक तोच दिवस गोड झाला पाहिजे. त्याच्याबरोबर बसून जेवावे, मुलांना त्याच्याजवळ पाठवावे, बरे वाटले असे तोंडाने सांगावे. प्यायला असेल तेव्हा मात्र ही जवळीक शांतपणे काढून घ्यावी. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला नकार देणाऱ्या व्यसनी माणसांच्या १३० आप्तांना वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. या रीतीने वागायला शिकलेल्या आप्तांनी ६४ टक्के व्यसनींना उपचारापर्यंत आणले. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. महाडला बाबासाहेबांनी जे सांगितले त्याचा अर्थही मी असाच लावतो. माणसाला उपाशी मारा असा तो आदेश नव्हता. त्याच्या पिण्याला घराने सोय पुरवू नये, असा तो विचार होता. आणि ती सोय काढून घेण्याचा अधिकार बाईचा आहे, हे त्यात प्रथमच मान्य केलेले होते.

आता काय करू नये ते पाहू. 'नकळत द्या आणि दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जीवही जातो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रोग्याच्या संमतीनेच द्यायचे असते. भाजीत कालवून काहीही देऊ नये. तसेच, रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणे सुरू होऊ शकते. लोक याला 'बाहेरची बाधा' समजून भगताकडे नेतात आणि माणूस हकनाक मरतो. ही बाधा नव्हे. यावर इस्पितळात औषधे आहेत.

व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, साखळीने बांधणारी केंद्रेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मनोविकार अंतर्भूत आहेत; त्या कायद्याने साखळी बांधण्यास मनाई आहे आणि अशा संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. दाखल करण्यापूर्वी नोंदणी विचारावी, डॉक्टर कोण ते विचारावे, भेटू देतात काय ते विचारावे.

मारहाणीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. आजार ही मारण्याची सबब होऊ शकत नाही. आजारावर दवाखाना आणि मारावर कायदा, असे दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. कमाई हिसकावणे, खर्चाला पैसे न देणे हाही त्यात हिंसाचारच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक प्रत्येक वस्तीतल्या भिंतीवर लिहिलेला असावा. दारू सुटेपर्यंत मार सोसत राहा, असा सल्ला कार्यकर्त्याने कोणालाही देऊ नये.

उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा पिऊ शकतो. याने घर खचते. परंतु पुन्हा पिणे हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे. त्या दिवशी 'सगळे वाया गेले' म्हणण्यापेक्षा लगेच पुन्हा उपचाराकडे वळणे महत्त्वाचे. आणि तो सुधारो वा न सुधारो, घराने जगणे थांबवू नये. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला. बाया एकत्र बसून बोलू लागतात तेव्हा प्रत्येकीला कळते की आपले दुःख एकटीचे नाही. असा गट चालवायला मोठा निधी लागत नाही. आपली विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे या बायांना आणि मुलांना द्यावी. गोव्यात दारूच्या त्रासात सापडलेल्या ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी आरोग्य केंद्रांत चारपर्यंत बैठका घेऊन केलेल्या समुपदेशनाचा उपयोग होतो, असे त्यात दिसले. म्हणजे हे काम आपल्या तरुणांना शिकता येण्याजोगे आहे.

शिक्षकांनी वर्गात झोपणाऱ्या मुलाला एकांतात विचारावे, 'घरी कसे आहे?' विद्यार्थ्यांनी अशा मित्राला परीक्षेच्या महिन्यात अभ्यासाला आणि झोपायला जागा द्यावी. कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची सोय कोणत्या वारी असते हे विचारून वस्तीत सांगावे. नसेल तर तिची मागणी करावी. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. दुकानाविरुद्धचा लढा चालूच राहील, तो राहिलाच पाहिजे. पण त्या लढ्यात घोषणा देणाऱ्या बाईला घरी गेल्यावर एकटे पडू न देणे, हाही त्याच लढ्याचा भाग आहे.