अरेबिका : पाकिटावरचं नाव आणि कपातली कॉफी

पुण्यामुंबईच्या दुकानांत आता चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, कूर्ग, अराकू ही नावं ठळक छापलेली कॉफीची पाकिटं सहज मिळतात. या चारही ठिकाणच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या डोंगरातल्या, झाडांच्या सावलीत वाढलेल्या कॉफीला नावानिशी मान मिळावा, ही फार चांगली गोष्ट आहे. अडचण आहे ती त्या नावाला चिकटलेल्या आरोग्याच्या दाव्यांची, आणि तितक्याच घट्ट चिकटलेल्या भीतीची.

‘अरेबिकात कॅफिन कमी, म्हणून ती कितीही चालते’

यातला पहिला भाग खरा आहे. अरेबिकाच्या बीमध्ये वजनाच्या साधारण 1.2 टक्के कॅफिन असतं, रोबस्टात दोन टक्क्यांहून जास्त. अरेबिका मुळात रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. युजेनिऑइडिसमध्ये कॅफिन अगदी थोडं असतं, म्हणून अरेबिका मधोमध येते.

पण शरीरात टक्के जात नाहीत, मिलिग्रॅम जातात. घरच्या फिल्टर कॉफीला माणशी 10 ग्रॅम पूड घेतली आणि तिच्यात 30 टक्के चिकोरी असली, तर खरी कॉफी उरते 7 ग्रॅम. तिच्यातली अर्धी रोबस्टा धरली तरी कॅफिनचा हिशेब 120 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. चिकोरीत कॅफिन नसतंच. आता स्पेशालिटी कॉफी पाहा. कागदी फिल्टरवर पाणी ओतून एक मोठा मग करायला 18 ग्रॅम निव्वळ अरेबिका लागते. तिच्यात 216 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं. ‘सौम्य’ म्हणून घेतलेला हा मग आजीच्या कडक फिल्टर कॉफीपेक्षा भारी भरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांना 400 आणि गर्भवतींना 200 पर्यंतची मोकळीक दिली आहे. म्हणजे गर्भवतीसाठी असा एक मग म्हणजे जवळजवळ दिवसाचा सगळा वाटा.

त्यातही प्रत्येकाचं शरीर वेगळं. घेतलेलं कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत याला पंधरा तासही लागू शकतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तरी कॅफिन शरीरात रेंगाळतं.

‘स्पेशालिटी म्हणजे आरोग्याला चांगली’

स्पेशालिटी हा चवीचा दर्जा आहे. प्रशिक्षित परीक्षक कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात आणि 80 च्या वर गेलेली कॉफी स्पेशालिटी ठरते. त्या गुणांत तुमच्या रक्तदाबाचा विचार नसतो. ती सेंद्रिय असेलच असंही नाही. एक फायदा मात्र खरा आहे. या दर्जासाठी किडक्या, बुरसटलेल्या बिया कसोशीने निवडून काढाव्या लागतात. बी नीट वाळली नाही तर तिच्यावरच्या बुरशीतून ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि त्यावर चांगली निवड व नीट वाळवण हाच मुख्य उपाय आहे. भाजताना त्याचं प्रमाण आणखी घटतं. त्यामुळे ‘बुरशीमुक्त’ असं छापून दुप्पट दराने विकल्या जाणाऱ्या कॉफीची कुणाला गरज आहे असं मला वाटत नाही.

‘अरेबिकात अँटिऑक्सिडंट भरपूर’

कॉफीतली मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे क्लोरोजेनिक आम्लं. ती अरेबिकापेक्षा रोबस्टात जास्त असतात! अरेबिकात साखर आणि तेल जास्त. तिचा गोडवा आणि सुगंध त्यातूनच येतो. भाजताना ही आम्लं मोठ्या प्रमाणात मोडतात, त्यामुळे हलक्या भाजलेल्या कॉफीत ती अधिक टिकतात. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात, असं अनेक मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. मधुमेहाबाबत तर कॅफिन काढलेल्या कॉफीचंही असंच दिसतं. पण या पाहण्यांतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. आणि त्या कपात आपल्यासारखी दोन चमचे साखर असेलच असं नाही.

याच आम्लांच्या जोरावर ‘हिरवी’, म्हणजे न भाजलेली, कॉफी वजन घटवणारी म्हणून खपवली गेली. तिचा सगळा डोलारा ज्या चाचणीवर उभा होता ती बंगळुरूत झाली होती, अवघ्या 16 जणांवर. तिचा शोधनिबंध 2012 मध्ये छापून आला, अमेरिकी टीव्हीवर गाजला, आणि आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून 2014 मध्ये मागे घेतला गेला. चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला त्याच वर्षी अमेरिकी सरकारशी तडजोड करून 35 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे ती पाकिटं आजही विकली जातात. घेऊ नका.

‘कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं’

वाढतं, पण कशी केली त्यावर. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्विऑल ही द्रव्यं असतात आणि ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. काह्विऑल तर मुख्यतः अरेबिकातच सापडतं. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या पाहणीत 1980 च्या दशकात कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध दिसला. तिथे पूड पाण्यात उकळून प्यायची पद्धत होती. कागदी फिल्टर ही द्रव्यं जवळपास पूर्ण अडवतो. आपल्याकडे भांड्यात पूड उकळून, जायफळ घालून चहाच्या गाळणीने गाळतात, त्यात ती बरीचशी कपात येतात. फ्रेंच प्रेसचंही तेच. स्टीलच्या फिल्टरमधूनही काही निसटतातच. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदी फिल्टर वापरा. इन्स्टंट कॉफीत ही द्रव्यं फारच कमी असतात.

‘काळी भाजलेली कॉफी कर्करोग करते’

भाजताना ॲक्रिलामाइड तयार होतं हे खरं. पण ते सुरुवातीलाच बनतं आणि पुढे भाजत गेलं की घटतं, त्यामुळे गडद कॉफीत ते उलट कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं होतं. 2016 मध्ये तिने कॉफीला त्या यादीतून बाहेर काढलं. त्याच वेळी 65 अंशांहून जास्त गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं मात्र नोंदवलं. भीती बाळगायचीच तर वाफाळत्या घोटाची बाळगा.

जेवणाशी जोडलेला गैरसमज मला सगळ्यांत काळजीचा वाटतो, कारण त्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. जेवण झाल्यावर लगेच कॉफी घेतली की पचन सुधारतं असं अनेक घरांत मानतात. प्रत्यक्षात कॉफीतली पॉलिफेनॉल अन्नातलं लोह बांधून ठेवतात. 1983 मधल्या एका प्रयोगात जेवणाबरोबरच्या एका कपाने लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं. तासभर आधी घेतली तर फरक पडला नाही; तासाभराने घेतली तरी नुकसान तेवढंच झालं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि आपलं लोह येतं ते मुख्यतः भाजी-भाकरी-डाळीतून, जिथे ही अडवणूक सर्वांत जास्त होते. त्यांनी कॉफी जेवणाआधी तासभर घ्यावी, किंवा जेवणानंतर चांगली दोन तासांनी.

थायरॉइडची गोळीही कॉफीबरोबर नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफीला अर्धा ते एक तास थांबावं. छातीत धडधड होत असेल किंवा झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना रोज किती कप पिता एवढंच सांगून थांबू नका. पूड किती ग्रॅम घेता आणि कॉफी कशी करता, तेही सांगा.